भिंतीपासून वीतभर पुढे

‘घर आणि सामान’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. गेल्या दिवाळीत आम्ही सासऱ्यांच्या प्रभात रस्त्यावरील जुन्या घरात राहायला आलो. घराबरोबर १९६३-६४च्या सुमारास घडवून घेतलेले सागवानी सामानही आले : तिरक्या, निमुळत्या पायांचा तिघांचा सोफा, दोन खुर्च्या, एक लांबट टीपॉय आणि एक बैठे कपाट. यजमानांचा त्यात जीव गुंतलेला आहे. माझे माहेर वाड्यातले. शिसवी पलंग, कोरीव पाठीच्या खुर्च्या यांत मी वाढले. त्यामुळे हे सामान मला एखाद्या सरकारी कचेरीतून उचलून आणल्यासारखे दिसते. मुलगी सांगते, याला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात आणि परदेशांत लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. पैशांचे राहू द्या. मला ते आवडू लागावे असा काही मार्ग आहे का, की सरळ विकून मोकळे व्हावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : विकू नका, निदान हा पावसाळा तरी जाऊ द्या. आपली कचेरीची उपमा मात्र मी खोडून काढणार नाही, कारण ती चुकीची नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे जी महाविद्यालये, विश्रामगृहे आणि कार्यालये उभी राहिली, त्यांतल्या कित्येकांत साध्या चौकटीच्या, वेताच्या बैठकीच्या, नक्षी नसलेल्या खुर्च्या आल्या आणि आपल्या पिढीची या शैलीशी पहिली ओळख तिथेच झाली. ज्या खुर्चीवर एखाद्या दाखल्यासाठी दुपारभर ताटकळलो, तिच्या बहिणीकडे दिवाणखान्यात कौतुकाने पाहणे सोपे नसते.

ही शैली ढोबळमानाने १९४५ ते १९७० या काळातली. तिचे आजचे नाव रुळले ते पुष्कळ उशिरा, १९८४नंतर. ज्यांनी हे सामान घडवले त्यांच्या लेखी ते केवळ त्या दिवसांचे, नव्या संसारांना परवडेल असे सामान होते. युद्ध संपले होते, घरे लहान होती आणि यंत्रांनी नुकतेच काही नवे शिकून घेतले होते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याचे उदाहरण पाहा. युद्धकाळात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी, जखमी पायाला आधार म्हणून बांधायच्या प्लायवूडच्या वळणदार खपाट्या तयार केल्या. लाकडाचे पातळ पापुद्रे गोंद लावून एकावर एक ठेवायचे आणि उष्णता व दाब देऊन साच्यात वळवायचे, ही त्यामागची युक्ती होती. तीच युक्ती त्यांना खुर्चीसाठी वापरायची होती, परंतु बैठक आणि पाठ एकाच पत्र्यातून वळवू गेल्यास जिथे वळण अवघड तिथे प्लायवूड तडकत असे. शेवटी त्यांनी बैठक वेगळी केली, पाठ वेगळी केली आणि दोहोंना जोडणारा कणा वेगळा दिला. १९४५-४६ सालची ती खुर्ची आज संग्रहालयांत आहे, आणि तिचे जे रूप लोक नावाजतात ते मुळात एका अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

आता आपल्या माहेरच्या खुर्चीकडे वळू. कोरीव खुर्चीचे सारे वैभव तिच्या दर्शनी बाजूला असते. कारागिराने वेल, पाने, मोर जे काही काढले ते समोरून पाहणाऱ्यासाठी काढले, आणि मागच्या बाजूस बहुधा सपाट फळी ठेवून तो मोकळा झाला. त्यात त्याची काही चूक नाही, कारण ती खुर्ची भिंतीलाच टेकणार हे त्याला ठाऊक होते. आपल्या घरांत मधली जमीन मोकळी ठेवायची आणि जे काही सामान असेल ते कडेला लावायचे ही जुनी रीत आहे. पंगत तिथे बसायची, पाहुण्यांच्या गाद्या तिथे पडायच्या, निवडणे-टिपणे तिथेच चालायचे. पाटावर आणि जाजमावर वाढलेल्या घरात खुर्ची ही उशिरा आलेली पाहुणी, म्हणून ती भिंतीपाशी अवघडून उभी राहिली.

आपल्या सोफ्याची आणि खुर्च्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. या घराण्याच्या सामानाला दर्शनी बाजू अशी नसते. हान्स वेग्नर या डॅनिश सुताराची (तो वास्तुरचनाकारही होता, पण सुतारकीचे रीतसर शिक्षण त्याने आधी घेतले होते) १९४९ सालची इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या पाठीची खुर्ची प्रसिद्ध आहे. वाफेवर मऊ करून वळवलेला एकच अर्धगोल दांडा पाठीचे आणि हातांचे काम करतो, आणि पिळलेल्या कागदाच्या सुमारे १२० मीटर दोरीने बैठक हाताने विणली जाते. ती खुर्ची मागूनच अधिक देखणी दिसते. अशी वस्तू भिंतीला चिकटवून ठेवली की तिचे जे पाहायचे तेच झाकले जाते, आणि नक्षी तर मुळातच नसल्यामुळे उरतो तो कचेरीचा भास. माझा तर्क असा आहे की आपल्या घरी हेच झालेले असावे.

तेव्हा एक प्रयोग करा. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दोन खुर्च्यांपैकी एक खिडकीजवळ, थोडी तिरकी, अशी ठेवा की दारातून येणाऱ्याला प्रथम तिची पाठ दिसेल. दुसरी खुर्ची जमिनीवर उलटी करा आणि हाताने चाचपून पाहा. हे सांगण्यामागे स्वानुभव आहे. मला स्वतःला ही शैली चाळिशीपर्यंत रुक्षच वाटत असे. एकदा घरच्या खुर्चीची वेताची बैठक फाटली म्हणून ती रिक्षात उलटी घालून विणकराकडे नेत होतो. खड्ड्यांतून जाताना ती हलू नये म्हणून तिचा एक पाय वाटभर मुठीत धरून बसलो, तेव्हा लक्षात आले की जो पाय मी इतकी वर्षे गोल समजत होतो तो गोल नाही. आडव्या पट्टीशी जिथे त्याचा सांधा होतो तिथे तो जाड आणि काहीसा अंडाकृती होता, तिथून वर आणि खाली दोन्हीकडे निमुळता होत गेला होता. जिथे भार पडतो तिथे लाकूड ठेवले होते आणि जिथे पडत नाही तिथून रंध्याने काढून घेतले होते. खिळा कुठेच नव्हता. पायाच्या आतल्या, कोणालाही न दिसणाऱ्या बाजूवरही तेवढीच सफाई होती. त्या दिवसापासून मी ती खुर्ची निराळ्या नजरेने पाहू लागलो. आपल्या खुर्च्यांचे पायही एकदा मुठीत धरून पाहावेत अशी विनंती आहे.

दुसरी अडचण बहुधा उजेडाची असेल. पांढऱ्या ट्यूबच्या प्रकाशात, पांढऱ्या चकचकीत फरशीवर सागवान मातकट आणि मलूल दिसते. त्याचा मधाळ रंग पिवळसर प्रकाशात उमलतो. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मिळणारे, वेष्टनावर २७०० केल्व्हिन असे लिहिलेले दिवे घ्या, आणि ते आढ्यात न लावता खुर्चीशेजारी, बसल्यावर खांद्याच्या उंचीला येतील असे ठेवा. डेन्मार्कच्या पोल हेनिंग्सनने १९५८ साली काढलेला ‘पीएच ५’ हा टांगता दिवा याच विचाराचा आहे : कोणत्याही बाजूने पाहिले तरी आतला दिवा डोळ्यांवर येत नाही, टेबलावर मात्र उजेडाचे तळे साचते. तसाच दिवा आणायला हवा असे नाही. बुरुडाने विणलेली बांबूची खोल पाटी उपडी टांगली आणि आत कमी क्षमतेचा एलईडी दिवा सोडला तरी काम भागते.

गाद्यांच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. अशा सोफ्यावर चमकदार मखमल किंवा सोनेरी गोंडे घालू नयेत. जाड खादी, एकरंगी हातमागाचे कापड, फार तर एखाद्या उशीला खणाचा अभ्रा एवढे पुरे. जुना काथ्या किंवा बसका फोम काढून ४० डेन्सिटीचा फोम घालून घ्या, मात्र त्याची जाडी मूळ गादीएवढीच ठेवा. चार इंचांच्या जागी सहा इंच फोम भरला तर सोफ्याचे हात बुटके दिसतात आणि पाठीचा आधार कंबरेच्या खाली जातो.

एक उणे मात्र मान्य करायला हवे. या शैलीतल्या आरामाच्या बैठका सखल असतात. घरात गुडघे दुखणारे कोणी असेल तर त्यांच्यासाठी जमिनीपासून १७-१८ इंच उंच बैठकीची, भक्कम हातांची एक खुर्ची निराळी ठेवाच. शोभेसाठी वडीलधाऱ्यांना उठाबशा काढायला लावू नये. याउलट, सोफ्याखालून केरसुणी सरळ पलीकडे जाते, पावसाळ्यात तळाशी ओल धरत नाही आणि खालची जमीन दिसत राहिल्याने खोली मोठी वाटते, ही सुखे भरीव बैठकीच्या सोफ्यात मिळत नाहीत.

राहिले पॉलिश. रंग काळवंडला असेल तर घाईने घासून काढायला देऊ नका. पायाच्या आतल्या बाजूस स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ दाबून धरा. थर चिकट झाला तर ते लाखेचे, म्हणजे जुने फ्रेंच पॉलिश आहे आणि मळ काढून त्यावरच नवा हात देता येतो. माझ्या एका टीपॉयला एका पॉलिशवाल्याने न विचारता मेलामाइनचा काचेसारखा थर दिला. गेली नऊ वर्षे त्याच्या पृष्ठभागात मला लाकडाऐवजी पंख्याचे प्रतिबिंब दिसते.

आणि माहेरचा शिसवी पलंग जर आपल्या वाट्याला आला असेल तर तो खुशाल याच घरात आणा. दिवाणखान्यात नको, एवढेच.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. एका जुन्या घराच्या विक्रीत साठ वर्षांपूर्वीचे डॅनिश सागवानी साइडबोर्ड मिळाले. आत ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’चा, म्हणजे दर्जा तपासल्याचा, शिक्का आहे. परंतु एका कोपऱ्यावर पापुद्रा निघाल्यावर कळले की आत साग नाहीच, वरवर चिकटवलेला आहे! भारतातून आलेले बाबा म्हणाले, “फसलात. सागवान म्हणजे भरीव हवे.” आम्ही खरोखर फसलो का? आणि डेन्मार्कमध्ये साग आला कोठून?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : फसला नाहीत. बाबांची कसोटी आपल्याकडच्या दारांना, झोपाळ्यांना आणि पलंगांना लावायची कसोटी आहे. तिथे ती बरोबर आहे, इथे नाही. लाकूड हवेतील दमटपणानुसार आडव्या अंगाने फुगते आणि आकसते. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घरे महिनोन्‌महिने तापवली जातात आणि आतली हवा अतिशय कोरडी होते. अशा घरात दीड-दोन फूट रुंदीची भरीव फळी वाकण्याची किंवा चिरण्याची भीती असते. स्थिर राहणाऱ्या गाभ्यावर सागाचे पातळ विनिअर, म्हणजे चिकटवायचा पापुद्रा, बसवले तर ती भीती पुष्कळ कमी होते. त्या काळातील चांगल्या डॅनिश कारखान्यांनी मोठे सपाट भाग विनिअरचे आणि पाय, कडा, मुठी हे झिजणारे भाग भरीव सागाचे, अशी विभागणी जाणूनबुजून केली. आपल्या साइडबोर्डची दारे बंद करून समोर उभे राहा. लाकडाच्या रेषा एका दारावरून दुसऱ्या दारावर न तुटता गेलेल्या दिसतील, किंवा आरशातल्यासारख्या एकमेकींकडे तोंड करून असतील. एकाच ओंडक्यावरून क्रमाने काढलेले पापुद्रे तसेच क्रमाने लावल्याखेरीज ते साधत नाही.

आता साग कोठून आला ते सांगतो. डेन्मार्कच्या थंडीत हे झाड उगवत नाही. १८९७ साली कोपनहेगनमध्ये स्थापन झालेल्या ईस्ट एशियाटिक कंपनीची पाळेमुळे तेव्हाच्या सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या सागव्यापारात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आग्नेय आशियातील साग मोठ्या प्रमाणावर डॅनिश सुतारांच्या हाती पडू लागला, आणि अमेरिकेने तो ‘स्कँडिनेव्हियन’ रंग म्हणून डोक्यावर घेतला. बाबांना सांगा की ज्या लाकडाच्या कुळाशी त्यांचा जन्माचा परिचय आहे, तेच दोन समुद्र ओलांडून आपल्या घरी आले आहे. पुष्कळदा एवढ्यानेही मन वळते.

निघालेल्या पापुद्र्याखाली लाकडाचा गोंद सोडून, वर मेणकागद आणि सपाट ठोकळा ठेवून रात्रभर शिकंजात आवळून ठेवा. पॉलिश पेपरने मात्र जपून घासा; विनिअर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असते, आणि एकदा खालचा गाभा उघडा पडला की त्यावर इलाज नाही. यांतील बऱ्याच वस्तू मूळच्या केवळ तेल दिलेल्या असतात. मऊ फडक्याने तेलाचा पातळ हात देऊन पंधरा-वीस मिनिटांत जास्तीचे पुसून घ्यावे. येथे एक सूचना गांभीर्याने घ्या : जवसाच्या तेलाचे, किंवा बाजारात ‘टीक ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक मिश्रणांचे, फडके चुरगाळून टोपलीत टाकू नका. ते वाळताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. बाहेर दोरीवर मोकळे पसरून वाळवा, मगच टाका.

प्रश्न : जेवणाच्या टेबलासाठी ‘चंदीगड चेअर’ म्हणतात तशा सहा खुर्च्या आमच्या सुताराकडून करून घ्याव्यात असे मनात आहे. त्याच्याकडे फक्त मोबाइलवरचे छायाचित्र आहे. नक्कल करणे योग्य ठरेल का? काय पाहून घ्यावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या खुर्चीची कथाच अशी आहे की आपला सुतार तिला परका म्हणता येणार नाही. चंदीगडची आखणी करणारा वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए याचा चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ साली चंदीगडला आला आणि १९६५पर्यंत तिथेच राहिला. नव्या राजधानीच्या कार्यालयांना, ग्रंथालयांना, वसतिगृहांना आणि अधिकाऱ्यांच्या घरांना हजारोंनी सामान लागणार होते. ते परदेशातून आणणे शक्य नव्हते आणि गरजेचेही नव्हते. जानरे आणि यूली चौधरी यांच्यासारखे त्याचे भारतीय सहकारी यांनी साग, शिसम आणि वेत यांचे साधे आराखडे केले, आणि ते तिकडच्याच सुतारांनी निरनिराळ्या कार्यशाळांत घडवले. म्हणून एकाच आराखड्याच्या दोन खुर्च्यांतही मापांचा फरक सापडतो. पुढे काही दशकांनी वेत फाटले, पाय डुगडुगले आणि तेच सामान गच्च्यांवर आणि आवारांत ढीग घालून भंगाराच्या भावाने लिलावात गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत एकेक खुर्ची लाखांत विकली. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-सामानाच्या विक्रीला मनाई केली, पण तोवर बरेच काही गेले होते.

नक्कल करा, ती नक्कल आहे हे लपवू नका, एवढीच माझी अट आहे. जुन्या खुर्च्यांच्या पाठीवर खात्याचे नाव आणि क्रमांक रंगवलेले असत. तसे खोटे आकडे रंगवून देणारे लोकही आता आहेत. जेवणाच्या खोलीत त्यांचे काय काम?

सहा खुर्च्या एकदम सांगू नका. एक करून घ्या आणि महिनाभर तिच्यावर जेवा. बाजूने पाहता पुढचा आणि मागचा पाय वर एकमेकांकडे झुकून उलट्या ‘व्ही’सारखे दिसतात. हा कोन छायाचित्रावरून अंदाजाने काढला की हमखास चुकतो. मागचा पाय पुरेसा मागे गेला नाही तर जेवण झाल्यावर रेलून बसणारा माणूस खुर्चीसकट कलंडतो. सुताराला प्रथम जाड पुठ्ठ्यावर पूर्ण मापाची बाजू काढायला सांगा, आणि मागच्या पायाचे टोक पाठीच्या वरच्या कडेच्या बरोबर खाली किंवा किंचित मागे येते का ते ओळंब्याने तपासा. दुसरे म्हणजे जेवणाच्या टेबलाला हातांच्या खुर्च्या हव्यात की नकोत ते आधी ठरवा. हात टेबलाच्या फळीखाली जात नसतील तर सहा खुर्च्या कायम खोलीच्या मध्यभागी उभ्या राहतील.

वेत हाताने विणून घ्या. तयार जाळीचा पत्रा खाचेत ठोकून बसवला तर काम अर्ध्या दिवसात होते, पण रोजच्या वापरात तो कडेने लवकर सुटतो. हाताच्या विणीत प्रत्येक पट्टी चौकटीतल्या स्वतंत्र भोकातून जाते, त्यामुळे एखादी तुटली तरी बाकीच्या धरून राहतात. पूर्वी आपल्याकडच्या अंधशाळांतून हे काम शिकवले जात असे, आणि बोटांनी ताण ओळखणाऱ्या त्या कारागिरांच्या विणीला तोड नसे. बैठक कालांतराने सैल पडली तर खालच्या बाजूने ओले फडके फिरवून रात्रभर सावलीत वाळू द्या. वेत पुन्हा आवळतो. आणि पंखा पुसायला त्या खुर्चीवर कोणीही चढू नये, ही ताकीद घरात सर्वांना देऊन ठेवा.

प्रश्न : आम्ही घर साध्या, पन्नास-साठच्या दशकातल्या धाटणीच्या सामानाने सजवले आहे. त्यात आजीचा कोरीव, पितळी घंटांचा देव्हारा फार विसंगत दिसतो, असे घर पाहायला येणारे सांगतात. तो बदलून सपाट, नव्या धर्तीचा करावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच बदलू नका. ईम्स दांपत्याने १९४९ साली कॅलिफोर्नियात बांधलेले स्वतःचे घर पोलाद-काचेच्या चौकटीचे आहे, आणि आतून ते देशोदेशींच्या बाहुल्या, खेळणी, टोपल्या आणि लोककलेच्या वस्तूंनी खच्चून भरलेले होते. त्याच दोघांनी १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात सर्वांत भरभरून कौतुक केले ते आपल्या लोट्याचे. मोकळ्या, साध्या खोलीत एक कोरीव वस्तू असली की नजर तिथेच ठरते, आणि देव्हाऱ्यावर नजर ठरावी यात विसंगत काय आहे?

तो बैठ्या कपाटावर ठेवणार असाल तर वर दीड हात तरी मोकळी जागा सोडा आणि समईखाली काठाचे पितळी ताट ठेवा. तेलाचा डाग सागात खोल मुरतो आणि मागाहून पॉलिश धरत नाही.